पारा हलत नव्हता, तरी उत्तर ०.९७ : एका केमिकल लॅबची फेरमांडणी

जानेवारीचा दुसरा आठवडा, तिसऱ्या वर्षाच्या 'बी' बॅचचं सकाळचं प्रॅक्टिकल. व्हेंच्युरीमीटरपाशी, म्हणजे मधे अरुंद 'गळा' असलेल्या, प्रवाह मोजायच्या नळीपाशी, चार मुलं उभी होती. पंप सुरू होता, व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला होता, मोजमापाच्या टाकीत पाणी धो धो पडत होतं आणि दाबातला फरक दाखवणाऱ्या मॅनोमीटरमधला पारा मात्र ढिम्म. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाहिला, नळीला टिचक्या मारून पाहिल्या, काही फरक नाही. शेवटी पाना लावून जोड सोडवला तेव्हा कळलं, की व्हेंच्युरीच्या गळ्याजवळचं टॅपिंग, म्हणजे मॅनोमीटरकडे जाणारं बारीक भोक, क्षार साचून पार बुजलं आहे. त्या बाजूचं पाणी कोंडलेलं, त्यामुळे पाऱ्याला ना वर वाट ना खाली.

यात नवल काही नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड की गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी पांढरी होऊन बाहेर येते. नवल दुपारी घडलं. लॅबचा चार्ज मी त्याच सेमिस्टरला घेतला होता, म्हणून मागचं काय काय आहे ते पाहायला कपाट उघडलं आणि आदल्या वर्षीची जर्नल्स काढली. व्हेंच्युरीचा डिस्चार्ज कोइफिशंट (खरा प्रवाह भागिले सूत्रातून येणारा प्रवाह) : ०.९७, ०.९६, ०.९८, ०.९७. पुस्तकात असतो अगदी तसा. त्याच्याही आदल्या वर्षी तेच.

आमचे लॅब अटेंडंट पंचवीस वर्षं तिथेच आहेत. मुलं त्यांना मामा म्हणतात, आणि आता आम्ही सगळेच म्हणतो. त्यांना विचारलं, "मामा, हा पारा कधीपासून हलत नाही?"

"पाइपलाइन बदलली ना सर, तवापासून. झाली की तीन वर्षं."

"मग मुलं रीडिंग कशी घ्यायची?"

"घ्यायची कुठं? लिहायची."

पुढचं सगळं प्रकरण मामांच्या या दोन वाक्यांतून सुरू झालं.

कॉलेज आणि कोर्स

कॉलेजचं नाव इथे गरजेचं नाही. घाटावरचं, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवरचं, विद्यापीठाशी संलग्न असलेलं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज. वर्गात ६० मुलं, २० च्या तीन बॅचेस, प्रत्येक बॅचमध्ये चौघांचे पाच गट. जानेवारी ते एप्रिलच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला दोन तासांचं एक प्रॅक्टिकल. द्रवप्रवाह, उष्णतावहन, वस्तुमान-वहन आणि अभिक्रिया अभियांत्रिकी या चारही विषयांचे प्रयोग एकाच कोर्सखाली येतात. यादीत बारा प्रयोग आहेत, त्यांतले किमान आठ झाले पाहिजेत. मार्कांचं म्हणाल तर टर्मवर्क २५ आणि तोंडी परीक्षा २५.

कागदावर हा कोर्स झकास चालला होता. इंजिनिअरिंगच्या कोर्सेसना मानांकन देणारी एनबीए ही संस्था २०१४ साली वॉशिंग्टन करारात, म्हणजे अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय करारात, पूर्ण सदस्य झाली आणि तेव्हापासून आम्हा सगळ्यांच्या नशिबी सीओ-पीओचे, म्हणजे मुलांनी काय शिकायला हवं याचे, तक्ते आले. त्या तक्त्यात या लॅबचं अटेनमेंट, म्हणजे उद्दिष्टं किती गाठली त्याचा आकडा, ३ पैकी २.८ होतं. ज्या लॅबमध्ये तीन वर्षं पारा हलला नाही, तिचं.

आधी मुलांवरच संशय

माझी पहिली प्रतिक्रिया कोणत्याही मास्तराची असते तीच होती : मुलं चोर आहेत. पुरावा गोळा करायचा म्हणून मी जर्नल्स घरी नेली. दोन ठिकाणी चोरी इतकी उघड होती, की ती तपासणाऱ्याला, म्हणजे आम्हालाच, कशी दिसली नाही याची लाज वाटली.

पहिलं ठिकाण डबल पाइप हीट एक्स्चेंजर. आतल्या तांब्याच्या नळीतून गीझरचं गरम पाणी, बाहेरच्या नळीतून थंड. एका जर्नलमधली रीडिंग अशी : गरम पाणी मिनिटाला १.५ लिटर, ५४ अंशांना आत आणि ४६ ला बाहेर. थंड पाणी मिनिटाला ३ लिटर, २६ ला आत आणि ३० ला बाहेर. गरम पाण्याने सोडलेली उष्णता साधारण ८४० वॅट, थंड पाण्याने घेतलेलीही ८४० वॅट. तंतोतंत. साठही जर्नल्समध्ये हा हिशेब दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळलेला होता.

आता लॅबमधले थर्मामीटर एका अंशाचे. वाचताना अर्ध्या अंशाची चूक कुणाचीही होते. थंड पाण्याचं तापमान वाढलंय चारच अंश; दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा अंश उलट्या दिशांना चुकला, तर चारातला एक गेला, म्हणजे पंचवीस टक्के. बाहेरच्या नळीवर धड इन्सुलेशनही नाही. अशा सेटअपवर एखाद्या गटाचा हिशेब नशिबाने जुळेल. साठांचा जुळला तर ती उष्णता गीझरमधून आलेली नाही, कॅल्क्युलेटरमधून आली आहे. गरम पाण्याची रीडिंग घ्यायची आणि थंड पाण्याची मागून बसवायची, हा रिवाज. मुलांच्या भाषेत, "रीडिंग बसवणे".

दुसरं ठिकाण माझ्या जास्त आवडीचं. इथाइल ॲसिटेट आणि कॉस्टिक यांची अभिक्रिया, सॅपोनिफिकेशन. केमिकल इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या बहुतेक लॅबमध्ये ही असते, कारण ती स्वस्त आहे, दुसऱ्या कोटीची आहे (वेग दोन्ही द्रव्यांच्या संहतीवर ठरतो) आणि टायट्रेशनने मोजता येते. तिचा वेगस्थिरांक, म्हणजे ती किती झपाट्याने होते ते सांगणारा आकडा, तापमानाला चांगलाच संवेदनशील आहे. २५ अंशांना तो ०.११ लिटर प्रति मोल-सेकंदच्या आसपास असतो आणि दहा अंश वाढले की दुपटीच्या जवळ जातो. आमच्या लॅबमध्ये वॉटर बाथ बंद पडलेला, प्रयोग खोलीच्या तापमानाला. जानेवारीच्या सकाळी खोलीत २३ अंश, एप्रिलच्या दुपारी ३४. म्हणजे फेरीत ज्या गटाच्या वाट्याला हा प्रयोग एप्रिलमध्ये आला, त्याचा वेगस्थिरांक जानेवारीच्या गटापेक्षा जवळजवळ दुप्पट यायला हवा. जर्नल्समध्ये सगळ्यांचा सारखाच होता. जानेवारीत पहिल्या गटाला जे काही मिळालं, ते एप्रिलपर्यंत हातोहात फिरलं होतं. बिचाऱ्यांनी दुसऱ्या दशांशात थोडेफार फेरफार केले होते, तेवढी मेहनत मान्य करायला हवी.

मग मी त्या प्रयोगाचं छापील मॅन्युअल वाचलं आणि माझा रोख बदलला. मॅन्युअल सांगत होतं : दोन्ही द्रावणं ०.१ नॉर्मल, समान आकारमानात मिसळा, मग ५, १०, १५, २०, ३० मिनिटांनी नमुने घ्या. मिसळल्यावर दोन्हींची संहती ०.०५ होते. या संहतीला आणि २५ अंशांना निम्मी अभिक्रिया तीन मिनिटांत उरकते. पहिला नमुना पाचव्या मिनिटाला काढेपर्यंत साठ टक्क्यांहून जास्त काम झालेलं असतं, आणि नंतरचे सगळे नमुने वरात गेल्यावर मांडवाचे फोटो काढल्यासारखे. ब्युरेटमध्ये पाव-अर्ध्या मिलिलिटरचे फरक मोजून ग्राफ काढायचा. तो सरळ रेषेत येणारच नाही. एखाद्या प्रामाणिक मुलाने खरी रीडिंग लिहिलीच, तर त्याचा ग्राफ वाकडा, म्हणून जर्नल परत, म्हणून सही नाही. शेजारच्याने सिनियरच्या फाइलमधून उतरवलं, त्याचा ग्राफ सरळ आणि सहीसुद्धा.

म्हणजे चोरी मुलांची असली, तरी चोरवाट आम्ही बांधून दिली होती.

दोन तासांत नक्की काय होतं

पुढच्या सोमवारी मी कोपऱ्यात खुर्ची टाकून घड्याळ लावून बसलो. प्रॅक्टिकल दोन तासांचं. आधीच्या लेक्चरहून मुलं येणार, हजेरी, ॲप्रन, कोणी कुठे जायचं : पंधरा मिनिटं. मागच्या आठवड्याच्या जर्नलवर सह्या : पंचवीस मिनिटं, आणि तेवढा वेळ शिक्षक टेबलाला खिळलेला. सेटअप सुरू करणं, हवा काढणं, गळती बांधणं : वीस. हीट एक्स्चेंजर स्थिर व्हायला आणखी वीस ते पंचवीस. शेवटची पंधरा मिनिटं आवराआवर, कारण पुढची बॅच दारात उभी. बेरीज केली तर खऱ्या मोजमापाला वीस मिनिटं उरतात, आणि त्यात दोन-तीन प्रवाहांवर रीडिंग घ्यायची असतात. प्रवाह बदलला की पुन्हा वीस मिनिटं थांबायचं. जमणारच नाही. मुलांनी हे गणित कधीच सोडवलं होतं. पहिलं रीडिंग खरं, बाकीची बसवायची.

दुसरी गोष्ट घड्याळात दिसली नाही, प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरमध्ये दिसली. हीट एक्स्चेंजरवरच्या गटाने थंड पाणी मिनिटाला ३ लिटरवर लावलं होतं. पलीकडच्या गटाने शेल अँड ट्यूब एक्स्चेंजरचा व्हॉल्व्ह उघडला आणि इकडच्या रोटामीटरचा फ्लोट घसरून २ च्या खाली. तिसऱ्या गटाने पाइप फ्रिक्शन सुरू केलं, तो आणखी खाली. गच्चीवर १००० लिटरची एक टाकी, तिच्यातून दीड इंची एकच लाइन, आणि तिच्यावर सहा सेटअप. एकाच वेळी चार सुरू झाले की कुणाचंच काही स्थिर राहत नाही.

रेनॉल्ड्सचा प्रयोग तर आम्ही मोनोब्लॉक पंपाच्या अगदी बाजूला मांडला होता. त्यात काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडायची, आणि कुठल्या रेनॉल्ड्स क्रमांकाला (वेग वाढला की तो वाढतो) प्रवाह खळबळून रेघ तुटते ते पाहायचं. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने टाकीतलं पाणी पूर्ण शांत ठेवून रंगाची रेघ १२-१३ हजार रेनॉल्ड्स क्रमांकापर्यंत अखंड ठेवली होती. शतकभराने त्याच गावात, त्याच उपकरणावर ती आधीच तुटू लागली. कारण बाहेरच्या रस्त्यावरच्या वाहतुकीची थरथर. आमच्या टेबलावर तर पंप सुरू झाला की परमँगनेटची रेघ नागिणीसारखी डोलायची, आणि मुलं जर्नलात इमानदारीने पुस्तकातले २१०० लिहायची.

या दोन निरीक्षणांनंतर माझं मत बनलं आणि ते आजही तेच आहे. लॅबचं वेळापत्रक आम्ही अभ्यासक्रमाच्या यादीवरून लावत होतो : प्रयोग एक, प्रयोग दोन, फेरी पुढे सरकवा. ते लावायला हवं पाण्यावरून, सेटअप तापायला लागणाऱ्या वेळेवरून आणि मामांच्या दोन हातांवरून. ही तीन बसली तर प्रयोग प्रामाणिकपणे करता येतो. नाही बसली तर नवीन उपकरणं आणा, जर्नलवर कडक सूचना छापा, काही उपयोग नाही.

दोनाचे चार तास

पहिला बदल तासांचा. दर आठवड्याला दोन तास याऐवजी एक आठवड्याआड चार तास सलग. शिक्षकाचा भार तेवढाच, मुलांचे तासही तेवढेच. पण टाइमटेबल हा कॉलेजातला सगळ्यात नाजूक दस्तऐवज; एक चौकोन हलवला की सात माणसं भेटायला येतात. सुटका एकाच मार्गाने होती : दुसरी कुठली तरी दोन तासांची लॅब आमच्याबरोबर जोडी लावायला तयार हवी, म्हणजे एका आठवड्यात बॅच आमच्याकडे चार तास, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे. प्रोसेस कंट्रोलच्या मॅडम तयार झाल्या. त्यांचीही तीच रड होती. टाकीच्या पातळीचा कंट्रोलर ट्यून होईपर्यंत घंटा व्हायची. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, मॅडमनी एकच अट घातली : आठ प्रयोगांचा आकडा कमी दिसता कामा नये.

त्यावर तोडगा म्हणून स्टेशनं पाच केली आणि प्रत्येक स्टेशनवर यादीतले दोन-दोन प्रयोग एकत्र बांधले. चौदा आठवड्यांत सात सत्रं मिळतात. पहिलं सत्र कॅलिब्रेशनचं, मधली पाच स्टेशनांची, सातवं पुन्हा करण्याचं. पाच गट, पाच स्टेशनं, पाच सत्रं. कागदावर दहा प्रयोग. आठाची अट निघाली.

स्टेशनं निवडताना मात्र पाणी आधी आणि सिलॅबस नंतर. व्हेंच्युरी आणि ओरिफिस एका स्टेशनवर, पण गच्चीच्या लाइनवरून काढून. खाली एक टाकी, जुना अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, आणि तेच पाणी गोल फिरवायचं. पारा काढून टाकला आणि उलटा हवा-पाण्याचा मॅनोमीटर बसवला. वीस वर्षांत त्या टेबलाच्या फटींतून किती पारा गेला असेल हा विचार मी आता करत नाही. हीट एक्स्चेंजर समांतर आणि विरुद्ध प्रवाहात, हे दुसरं स्टेशन. लाइनवर आता जवळजवळ एकटाच तो. सॅपोनिफिकेशन बॅचमध्ये आणि मग तीच अभिक्रिया सतत ढवळल्या जाणाऱ्या रिॲक्टरमध्ये, हे तिसरं. त्याला लाइनचं पाणी लागत नाही. चौथं मिथेनॉल-पाण्याचं सिंपल डिस्टिलेशन आणि त्याच मिश्रणाचा बाष्प-द्रव समतोल. कंडेन्सरला बारीक धार पुरते. इथेनॉल घेतलं असतं तर एक्साइजची परवानगी आणि नोंदवही आली असती. मिथेनॉल विषारी, म्हणून बाटली कुलपात, उघडी ज्योत नाही, फक्त हीटिंग मँटल.

पाचवं स्टेशन स्टीफन ट्यूबचं. अरुंद नळीत ॲसिटोन, वरून हवेचा मंद झोत, आणि पातळी किती उतरते ते ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने वाचायचं. दोन तासांच्या जमान्यात, खोलीच्या तापमानाला, ही पातळी तीन-चार मिलिमीटर उतरायची आणि त्यावरून डिफ्युजन कोइफिशंट (वाफ हवेत किती झपाट्याने पसरते तो आकडा) काढणं म्हणजे ज्योतिषच. ४० अंशांच्या बाथमध्ये साडेतीन तास ठेवली तर सेंटीमीटरभर उतरते. फक्त एक गोची होती : दर वीस मिनिटांनी एक रीडिंग, बाकी वेळ मुलं मोबाइलमध्ये. म्हणून तिथेच कोळशावर ॲसिटिक ॲसिडचं ॲडसॉर्प्शन, म्हणजे कोळशाला किती ॲसिड चिकटतं ते मोजणं, जोडलं; बाटल्या हलवा, गाळा, टायट्रेट करा, मधेमधे मायक्रोस्कोपकडे जा. सगळ्यात कंटाळवाणं स्टेशन मुलांचं आवडतं झालं. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

सॅपोनिफिकेशनचं मॅन्युअल फाडून टाकलं. आता दोन्ही द्रावणं ०.०२ मोलर, मिसळल्यावर ०.०१, २५ अंशांना निम्मी अभिक्रिया व्हायला पंधरा मिनिटं लागतात. नमुने दुसऱ्या मिनिटापासून. नमुना पडतो तो मोजून ठेवलेल्या, बर्फात गार केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, म्हणजे अभिक्रिया तिथल्या तिथे थांबते. बाथ दुरुस्त केला. आणि द्रावणं आदल्या आठवड्यातली चालणार नाहीत. कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, इथाइल ॲसिटेट उडून जातं आणि पाण्यात हळूहळू फुटतं. दोन्ही त्याच सकाळची.

इथे मामा आले. आधी दहा सेटअप, त्यांतले कुठलेही पाच, रोज वेगळे. मामांना सकाळी वेळापत्रकाचा कागद घेऊन गोदामात फिरावं लागायचं. आता तेच पाच, सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी त्यांच्याशी बसून त्यांची सकाळ मिनिटामिनिटाने लिहून काढली : आधी ॲसिटोनचा बाथ, कारण तो तापायला सगळ्यात हळू, मग कॉस्टिक, गीझर शेवटी. क्रम त्यांनीच सांगितला, मी फक्त लिहिला. पूर्ण फेरमांडणीत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला कागद तोच, आणि तो कुठल्याही फाइलमध्ये लावलेला नाही. स्टोअरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

बिलबुकासारखी वही

जर्नल म्हणजे काय हे महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. एक बाजू कोरी, एक बाजू रेघांची. उद्दिष्ट, साहित्य, थिअरी, आकृती, सगळं उतरवलेलं, शेवटी सर्टिफिकेट. साठ मुलं गुणिले दहा प्रयोग, म्हणजे सहाशे वेळा तीच थिअरी हाताने लिहिली जायची आणि सहाशे वेळा आम्ही ती न वाचता सही करायचो.

त्याऐवजी किराणा दुकानात असतात तशा डुप्लिकेट वह्या आणल्या. पानामध्ये कार्बन, रीडिंग पेनाने, वेळेसह. खाडाखोड चालेल, पण मूळ आकडा वाचता आला पाहिजे. जाताना वरचं पान फाडून मामांकडे द्यायचं, खालचं वहीत राहतं. बस्स. घरी जाऊन आकडा बदलला तर वरचं पान साक्षीला आहेच. सही घ्यायची रांग संपली आणि ती पंचवीस मिनिटं मला स्टेशनांवर उभं राहायला मिळाली.

अहवाल दहाऐवजी तीनच, गटाचा मिळून एक, आणि त्यात थिअरी लिहायला बंदी. लिहायचं एवढंच : काय मोजलं, किती चुकलं असेल, आणि पुस्तकाशी जुळत नसेल तर का. तोंडी प्रश्न मात्र एकेकट्याला.

पहिल्या वर्षी काय झालं

कॅलिब्रेशनच्या सत्रातच पहिला धडा मिळाला, आणि तो मला. थर्मामीटर बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासायचे होते. तिन्ही बॅचेस मिळून पंधरा गट. त्यांतल्या अकरा गटांनी उकळत्या पाण्यात १०० लिहिलं. आमच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काच त्यांना ९८ दाखवत होती, शाळेपासूनची सवय १०० म्हणत होती, आणि समोर वाफाळतं पातेलं असूनही सवय जिंकली. चार गटांनी ९८ लिहिलं आणि त्यातल्या एकाने शेजारी टीप लिहिली : "थर्मामीटर खराब." तो खराब नव्हता. पण दोन दुसरे खरंच खराब निघाले, एकमेकांपेक्षा दीड अंश वेगळे, आणि ते वर्षानुवर्षं हीट एक्स्चेंजरच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी लावलेले होते.

हीट एक्स्चेंजरचा हिशेब आता दहा ते तीस टक्क्यांनी चुकू लागला. मला आनंद झाला, मुलांना नाही. "सर, आधीच्या बॅचचं बरोबर यायचं," ही तक्रार महिनाभर चालली. एका गटाने थर्मामीटरची अदलाबदल करून दोन वेळा रीडिंग घेतली आणि सरासरी काढली, कुणी न सांगता. फरक अर्ध्यावर आला. दुसऱ्या वर्षी डिजिटल पीटी-१०० सेन्सर आले तेव्हा ती युक्ती निकामी झाली, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

न जमलेल्या गोष्टीही सांगतो. जानेवारी-एप्रिल म्हणजे सुट्ट्यांचा हंगाम : सव्वीस जानेवारी, महाशिवरात्र, धुळवड, पाडवा. आधी सुट्टी आली तर दोन तास जायचे. आता आख्खं स्टेशन जातं. शुक्रवारच्या बॅचचं एक सत्र शनिवारी घ्यावं लागलं आणि एसटीने येणारी सहा मुलं त्या दिवशी आलीच नाहीत, कारण शनिवारी त्यांची सकाळची गाडी नसते. आधी विचारलं असतं तर कळलं असतं. सातवं सत्र, म्हणजे दुसऱ्या गटाचा वादग्रस्त निकाल पुन्हा मोजून पाहण्याचं, माझ्या मते कोर्सचा गाभा. ते सबमिशनच्या आठवड्यात आलं आणि पंधरापैकी नऊच गटांनी मनापासून केलं. दुसऱ्या वर्षी ते पाचव्या क्रमांकावर सरकवलं, म्हणजे पुढची दोन स्टेशनं व्हायच्या आधी. आता बरं चालतं.

थिअरीचा प्रश्न तसाच आहे. पाच स्टेशनं फिरती असली की कुठला तरी गट डिस्टिलेशनला आधी पोहोचणार आणि वर्गात तो विषय महिन्याने येणार. सॅपोनिफिकेशनला याचं काही वाटत नाही; आधी हाताने करून मग वर्गात समीकरण पाहिलं तर ते जास्त डोक्यात राहतं, असंच माझं निरीक्षण. डिस्टिलेशनला मात्र पहिल्या गटाचे हाल होतात. मी त्यांना फळ्यावर वीस मिनिटं शिकवतो आणि ती वीस मिनिटं पुरत नाहीत.

अटेनमेंट २.८ वरून २.१ वर उतरलं. फाइलमध्ये 'केलेली कारवाई' असा रकाना असतो. त्यात काय लिहायचं यावर विभागात एक आख्खी मीटिंग झाली. शेवटी "मोजमापाची पद्धत बदलली" एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं.

एक्सटर्नल

सगळ्यात मोठी भीती बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची होती. त्यांना सर्टिफिकेट लावलेलं जर्नल हवं असतं. कार्बनच्या वह्यांना आम्ही पुढे अनुक्रमणिका आणि सर्टिफिकेटचं पान चिकटवलं, पण आतलं गिचमिड अक्षर आणि ॲसिडचे डाग झाकता येण्यासारखे नव्हते. पहिल्या वर्षीच्या परीक्षकांनी नाराजी स्पष्ट बोलून दाखवली आणि मार्क हात आखडून दिले.

दुसऱ्या वर्षीचे परीक्षक एका मुलीच्या वहीपाशी थांबले. व्हेंच्युरी, ०.९३.

"पुस्तकात किती असतो?"

"०.९५ ते ०.९८, सर."

"मग हा?"

"टॅपिंग साफ करून परत घेतलं सर, तरी ०.९३च आला. सातव्या, म्हणजे पाचव्या सत्रात दुसऱ्या गटाने घेतला, त्यांचाही ०.९३. आम्हाला वाटतंय टाकी फुगलीय. वर रंगाने ४० बाय ४० लिहिलंय, पण मधे जास्त असणार. क्षेत्रफळ कमी धरलं की प्रवाह कमी येतो."

"मोजली का?"

"नाही सर. परवाच लक्षात आलं."

परीक्षक उठले. मामांनी स्टोअरमधून स्टीलची टेप आणली. टाकीच्या तोंडाशी ४०, तळाशी ४०. मधोमध, पाण्याची पातळी जिथे वाचतात तिथे, मामांनी एका हाताने टेपचं टोक धरलं, परीक्षकांनी बाही वर सारून दुसरं, आणि त्या मुलीने वाकून आकडा वाचला.

"४१."

तिने तो वहीत लिहिला, वेळेसह, वरचं पान फाडलं आणि मामांच्या हातात दिलं.